क्लासिक ३५०: जुनी घ्यावी की नवी, आणि घेतली तर कोकणात टिकवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं रत्नागिरीत, रोजचं जाणं-येणं पंधरा-वीस किलोमीटर, महिन्यातून एखादी फेरी आंबा घाटातून कोल्हापूरला. रॉयल एनफील्डची २०१६ची कार्ब्युरेटरवाली क्लासिक ३५० बघून ठेवली आहे. ३८ हजार किलोमीटर झालेत, मालक ९५ हजार सांगतोय. ती घ्यावी, की थांबून नवी घ्यावी? आणि खाऱ्या हवेत, कोकणातल्या पावसात अशा गाडीचा मेंटेनन्स झेपेल का?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. बजेट थोडं ताणता येत असेल तर सप्टेंबर २०२१ नंतर आलेल्या नव्या इंजिनाची, पण वापरलेली क्लासिक शोधा. ताणता येत नसेल तर २०१६ची घ्यायला हरकत नाही, फक्त खाली सांगतो तशी तपासून घ्या. नव्याकडे माझा कल आहे तो इंजिनामुळे नाही, ब्रेकमुळे आहे. क्लासिकला एबीएस (ब्रेक आवळला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं २०१८मध्ये. २०१६च्या गाडीत ते नाही, मागे ड्रम ब्रेक आहे, आणि तुम्ही ती जुलैत आंबा घाटातून चालवणार. गाडीचं वजन दोनशे किलोच्या आसपास. ओल्या वळणावर समोर म्हैस आली आणि घाबरून पुढचा ब्रेक आवळला, तर एबीएस असणं आणि नसणं यातला फरक लगेच कळतो.

आता मेंटेनन्सचं. नवे लोक इंजिनाला घाबरतात. ‘बुलेट म्हणजे महिन्यातून दोनदा गॅरेज’ ही समजूत जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या काळातली आहे, उजव्या पायाला गिअर असलेल्या गाड्यांची. २०१६च्या क्लासिकमध्ये जे इंजिन आहे त्याला आम्ही यूसीई, म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन म्हणतो. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये, ३४६ सीसी, बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. क्लासिकमध्ये ते २००९पासून आहे आणि वेळेवर ऑईल मिळालं तर सहसा धोका देत नाही. माझ्या गॅरेजला येणाऱ्या क्लासिक गाड्यांचा बराचसा वेळ इंजिनावर जातच नाही. तो जातो ज्या गोष्टींमुळे ही गाडी क्लासिक दिसते त्यांच्यावर: स्पोकची चाकं, क्रोम, ट्यूबचे टायर, पत्र्याचे मडगार्ड. जुनं रूप हौसेनं घेतलं की जुन्या रूपाची दुखणीही सोबत येतात, आणि रत्नागिरीत ती कोल्हापूरपेक्षा जास्त येतात.

गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. पोचलात की बोलणं सुरू करण्याआधी इंजिनाच्या फिन्सजवळ हात न्या. कोमट लागल्या तर चहा मागा, तासाभराच्या गप्पा मारा. गरम इंजिन निम्मे दोष झाकून ठेवतं. थंड झाल्यावर इग्निशन बंद ठेवून किक हाताने दाबून बघा. या इंजिनात ऑटो डीकॉम्प्रेसर असल्यामुळे जुन्या बुलेटसारखी ती अडून बसणार नाही, पण काहीच विरोध न होता खाली गेली तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह बघावे लागतील.

मग चोक ओढून सुरू करा. पहिले काही सेकंद वरून टिकटिक आवाज येईल, तो चालतो. यूसीईमध्ये हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे, ऑईलच्या दाबावर चालणारे भाग) आहेत, त्यांच्यात ऑईल भरेपर्यंत ते वाजतात आणि गप्प होतात. दोन-तीन मिनिटांनीही टिकटिक थांबली नाही तर एक तर ऑईल संपत आलंय, नाही तर टॅपेट गेलेत. जाता जाता सांगतो, या इंजिनात टॅपेट सेट करायचे नसतातच. यूसीई उघडून ‘टॅपेट टाईट करून देतो’ म्हणणारा मिस्त्री भेटला तर गाडी तिथून काढा. नव्या, म्हणजे जे सिरीजच्या इंजिनात मात्र टॅपेटचं अंतर ठरलेल्या सर्व्हिसला तपासावं लागतं.

सेल्फ मारून बघा. बटण दाबल्यावर इंजिन न फिरता नुसतं ‘कर्रर्र’ झालं किंवा ‘खट्’ करून आवाज आला तर स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फच्या मोटरचा जोर इंजिनाला देणारा एकाच दिशेने पकडणारा क्लच, संपलाय असं धरा. यूसीईचं हे ठरलेलं दुखणं आहे आणि त्यामागे बहुतेक वेळा बॅटरी असते. बॅटरी उतरलेली असताना लोक सेल्फ मारत राहतात, इंजिन अर्धवट फिरून उलटा झटका देतं आणि तो झटका थेट स्प्रॅगवर बसतो. दुरुस्तीला इंजिनाची डावी बाजू उघडावी लागते. म्हणून कार्ब्युरेटरवाली गाडी घेतलीत तर सकाळचं पहिलं स्टार्ट किकनेच करा. किक दिलीय ती वापरायला.

धूर बघा. सुरू करताना क्षणभर निळा आणि मग बंद झाला, तर व्हॉल्व्ह सील. एक्सलेटर पिळल्यावर दर वेळी निळा येत असेल तर रिंगा, म्हणजे हाफ इंजिनाचं काम. पांढरी वाफ सकाळच्या गारव्यात कुठल्याही गाडीला येते. चालवताना चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला एकदम पूर्ण पिळा. आवाज चढला आणि वेग तेवढा चढला नाही तर क्लच प्लेटा गेल्या.

यानंतर जे बघायचं ते कोकणातल्या गाडीसाठी खास आहे. मागच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या वरच्या बाजूला, बोटं घालून चाचपा. बाहेरून नवा रंग मारलेला असतो, आत बोटाला पापुद्रे लागतात. सोबत एक छोटं चुंबक न्या, फ्रिजवर लावतात तसलं, फडक्यात गुंडाळून. टाकीवर आणि मडगार्डवर फिरवा. दोन्ही पत्र्याचे आहेत, सगळीकडे सारखं चिकटलं पाहिजे. जिथे सुटतं तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. आत तांबूस थर दिसला तर भावात कमी करून घेऊ नका, गाडी सोडून द्या. तो गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये पुन्हा पुन्हा येत राहतो.

पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर बोट फिरवा. तेलाची रेघ असेल तर ऑईल सील गेलंय, ते काम किरकोळ. पण नळीच्या क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे असतील तर गोष्ट वेगळी. खड्ड्याची धार नवं सीलही कापते, आणि दोन महिन्यांनी मालक पुन्हा दारात येतो, ‘तुम्ही सील नीट बसवलं नाही’ म्हणत. डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलावा लागेल. शेवटी मीटर खरा आहे का ते फूटरेस्टचं रबर आणि ब्रेक पेडलच्या झिजेवरून ताडा. ३८ हजारांच्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं.

नव्या इंजिनाबद्दल कमी सांगतो, कारण त्यात बघण्यासारखं कमी आहे. ३४९ सीसी, बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८, आत थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट. यूसीई ऐंशीच्या पुढे गेली की हँडल आणि फूटरेस्टमधून हातापायाला मुंग्या आणते, ही आणत नाही. फ्रेमही नवी, पुढे दोन नळ्यांची आहे, त्यामुळे वळणावर ती जास्त ठाम बसते. किक नाही, पेट्रोल इंजेक्शनने जातं, म्हणजे बॅटरी मेली की गाडी जागेवर. २०२१ची वापरलेली घेत असाल तर एक गोष्ट आवर्जून तपासा. १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ या काळात बनलेल्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या सिंगल चॅनल (फक्त पुढच्या चाकाला) एबीएसच्या २६,३०० गाड्या कंपनीने परत बोलावल्या होत्या. स्विंगआर्मवरचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा, ब्रेकचा एक ब्रॅकेट बदलायचा होता. सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिला की काम झालंय की नाही ते सांगतात. अगदी नवीच घ्यायची असेल तर ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, आणि ३४९ सीसी त्यात बसते. तेव्हा वापरलेल्या गाडीचा भाव ऐकताना नव्याची आजची ऑन रोड किंमत आधी विचारून ठेवा. बरेच विकणारे अजून जुन्या किमतीवरूनच हिशोब करतात.

आता गाडी घरी आली असं समजू.

रत्नागिरीत तुमचा पहिला शत्रू हवा, दुसरा तुमचं स्वतःचं कव्हर. प्लॅस्टिकचं जाड कव्हर घालून लोक गाडी जपतात आणि आत घाम धरून स्पोक सडवतात. शेडमध्ये उभी करा, उघडी, वारा लागेल अशी. कव्हर घालायचंच असेल तर जुनी सुती चादर. समुद्राकडून आलात किंवा पावसातून आलात तर गोड्या पाण्याने नुसतं धुवून टाका, पुसा आणि पाच मिनिटं फिरवून आणा म्हणजे कानाकोपऱ्यातलं पाणी उडतं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने चाकाचं बेअरिंग, हँडलवरचे स्विच आणि सायलेन्सरचं तोंड यांवर मारू देऊ नका. क्रोमला महिन्यातून एकदा गाडीचं वॅक्स पॉलिश लावा. मडगार्डच्या आतून आणि स्टँडवर पावसाळ्याआधी ऑईलचा हात मारा. फक्त डिस्कवर आणि ब्रेक ड्रमच्या जवळ तो हात जाऊ देऊ नका.

स्पोकसाठी दर महिन्याला दहा मिनिटं द्या. डबल स्टँडवर चाक फिरवत छोट्या पान्याने एकेक स्पोक हलकेच वाजवा. घट्ट स्पोक टिंग करतो, सैल असलेला थप वाजतो. एखाद-दुसरा सैल असेल तर पाव फेरा, त्याहून जास्त नाही. ओळीने तीन-चार सैल निघाले तर स्वतः काही करू नका, रिंगचा आउट (वाकडेपणा) काढणाऱ्याकडे न्या. आमच्याकडे मोटारसायकलचा आउट काढणारे चांगले हात आता कमीच उरलेत, सगळे अलॉयवर गेले. निपलच्या, म्हणजे रिंगजवळच्या स्पोकच्या नटाच्या, बुडाशी पांढरी-तांबडी भुकटी दिसू लागली की त्या स्पोकचे दिवस भरले. आणि टायर बदलताना रिंगच्या आतली रबरी पट्टी नवी घालायला सांगा. ती फाटली की आतून स्पोकचं टोक ट्यूबला टोचतं, आणि तुम्ही रस्त्यावरचा खिळा शोधत बसता.

पंक्चर हा या गाडीचा खरा त्रास. ट्यूब असल्यामुळे हवा एकदम जाते, आणि मागचं चाक काढणं दहा मिनिटांचं काम नाही. साखरप्यानंतर घाट चढताना पंक्चर झालं तर दुकान शोधत ढकलण्याजोगी ही गाडी नाही. दोन्ही मापांच्या ट्यूब, टायर लिव्हर आणि एक्सलचा पाना सीटखाली किंवा सॅडल बॅगमध्ये कायमचे ठेवा. घरच्या अंगणात एकदा स्वतः चाक काढून, घालून बघा. जे सिरीजमध्ये अलॉय आणि ट्यूबलेसवाली मॉडेलं आहेत. तुमच्या वापराला तीच शहाणपणाची, मग फोटोत थोडी कमी जुनी दिसली तरी चालेल.

ऑईल १५ डब्ल्यू ५०, डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए २ हा मोटारसायकल ऑईलचा दर्जा लिहिलेलं. हे बघायचं कारण असं की या गाडीत क्लचच्या प्लेटा इंजिनाच्याच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, ते प्लेटांवर बसले की क्लच घसरतो. जे सिरीजला कंपनी १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते, मध्ये लेव्हल बघत राहायची. यूसीईला मी स्वतः चार-पाच हजारांवर बदलतो, कारण ती गरम जास्त होते आणि लोक तिला ट्रॅफिकमध्ये रखडवतात. काळं ऑईल म्हणजे खराब ऑईल असं मात्र नाही, डिझेल-पेट्रोलच्या कुठल्याही इंजिनात ते हळूहळू काळं होतंच. लेव्हल बघताना गाडी डबल स्टँडवर हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटं गेलेली हवीत. साईड स्टँडवर काचेतून बघून ऑईल कमी समजून ओतणारे मी बरेच पाहिलेत. जास्तीचं ऑईल मग एअर फिल्टरच्या डब्यात सापडतं.

डबल स्टँडचा विषय निघालाच आहे तर, गाडी मागे ओढून स्टँडवर चढवू नका, कंबर जाईल. स्टँडची दोन्ही टोकं जमिनीला टेकवा, उजवा पाय स्टँडच्या दांडीवर ठेवून सगळं वजन त्यावर उभं करा. हाताने फक्त तोल सांभाळायचा.

चेन दर पाचशे किलोमीटरला, पावसात त्याच्याही आधी. केरोसीनमध्ये भिजवलेल्या ब्रशने साफ करा, पेट्रोल वापरू नका, त्याने ओ-रिंग कडक होतात. मग फिरून आल्यावर, चेन कोमट असताना, गिअर ऑईल किंवा लुब लावा, तेही आतल्या बाजूने. बाहेरून मारलेलं सगळं मागच्या पाहुण्याच्या पँटवर जातं. ताण देताना एका जागी बघून सोडू नका. चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट येते तिथे माप घ्या.

पेट्रोल हा आता कार्ब्युरेटरवाल्यांचा नवा प्रश्न आहे. पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि २०१६ची गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीला फारसं काही होत नाही. पण गणपतीनंतर मुंबईला गेलात आणि गाडी महिनाभर उभी राहिली, तर कार्ब्युरेटरच्या वाटीत चिकट थर आणि टाकीत पाणी, दोन्ही तयार. जाण्याआधी टाकी गच्च भरा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, कॉक बंद करा आणि वाटीखालचा स्क्रू सोडून तिच्यातलं पेट्रोल काढून टाका. पेट्रोलच्या रबरी नळ्या एकदा नव्या घाला. टाकीच्या झाकणाचं रबरही बघा, ते कडक झालं की कोकणचा पाऊस थेट आत येतो. दोन्ही गाड्यांना लागू पडणारं एक: महिनाभर उभी ठेवणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

महिन्यातून एकदा नट-बोल्ट. एकाच मोठ्या पिस्टनची गाडी, ती हळूहळू सगळं सैल करते. सायलेन्सरचा ब्रॅकेट, मडगार्डच्या पट्ट्या, नंबर प्लेट, हेडलाईट, लेग गार्ड. इंजिन माउंटिंगच्या बोल्टांना हात लावायचा तर टॉर्क पाना असलेल्याकडूनच. यूसीईला नवी क्लच केबल टाकताना जुनी चांगली असेल तर फेकू नका. नव्या केबलच्या बाजूने तशीच बांधून ठेवा, टोकांना ग्रीस लावून. घाटात तुटली तर दोन टोकं अडकवली की झालं.

गाडी घेतल्या घेतल्या तुमचे मित्र सायलेन्सर सुचवतील. पहिलं वर्ष काहीही बदलू नका. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर दंड होतो, तो जप्त होतो, आणि जमा केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोड रोलर फिरवतात हे पुण्या-कोल्हापुरात सगळ्यांनी पाहिलंय. त्याहून महाग पडतं ते वायरिंग. जास्त वॅटचा बल्ब, चार फॉग लाईट, मोठा हॉर्न, सगळं मूळ वायर तासून, वरून चिकटपट्टी गुंडाळून जोडलेलं. खाऱ्या हवेत ते जोड हिरवे पडतात आणि मग गाडी कधी सुरू होते, कधी नाही. असली गाडी दिवसभर उघडून बसलं तरी दोष सापडेलच असं नाही. म्हणून २०१६ची बघताना हेडलाईटचा डोम उघडून आत डोकवा. तिथे रंगीबेरंगी जादा वायरींचा गुंता दिसला तर भाव पाडा, नाही तर नमस्कार करा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेचं एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः पुसून वाचा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची ना हरकत, लागेल. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे, ती मालकाने बसवलीय का बघा, नाही तर तो खर्च आणि हेलपाटा त्याच्याकडेच ठेवा. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. आरसी १५ वर्षांची असते, म्हणजे ही गाडी २०३१ला पुन्हा पासिंगला न्यावी लागेल.

राहिला भाव. ९५ हजार मला तरी जास्त वाटतात, पण न बघता नेमका आकडा सांगणार नाही. टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असते. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच. दोन्ही टायर, ट्यूब, चेनसेट, बॅटरी आणि कोनसेट यांपैकी काय काय लगेच घालावं लागेल ते लिहून काढा, रत्नागिरीतल्या दुकानात भाव विचारा आणि तेवढी रक्कम वजा करूनच मालकाशी बोला. मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांचा आणि त्या मडगार्डच्या आतल्या बाजूचा फोटो काढता आला तर पाठवा, पुढची घासाघीस किती करायची ते त्यावरून सांगता येईल.